अर्धवट कामाची लाज

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या मुलाला यंदा आर्किटेक्चरच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. बारावीला गणितात उत्तम गुण, चित्रकलेचा हात बरा, स्वभाव अभ्यासू. घरात इंजिनीअर दोन आणि वकील एक आहेत. पण या वाटेने आजवर कोणी गेलेले नाही. कॉलेज सुरू होण्यापूर्वी त्याच्याकडून काय वाचून घ्यावे, कोणते सामान आणून ठेवावे आणि तो पहिल्या दिवसापासून पुढे राहावा म्हणून घरच्यांनी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

पत्र वाचून आम्ही थोडे ओशाळलो. नेमका हाच प्रश्न २०१६ साली आमच्या धाकट्या बहिणीने तिच्या मुलीसाठी आम्हांला विचारला होता आणि आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. तेव्हा आधी त्या चुकीची हकिगत सांगतो. इंदूरच्या भगिनींना तीच अधिक उपयोगी पडेल, असे वाटते.

आम्ही भाचीला म्हणालो होतो, "जे करशील ते नीट, पुरे करूनच सरांपुढे ठेव. अर्धवट काम कुणाला दाखवू नये." आमच्या घरात हे वाक्य तीन पिढ्या चालत आले आहे. बडोद्यातल्या, इंदूर-ग्वाल्हेरातल्या आपल्यापैकी अनेक घरांचे वाडवडील संस्थानच्या दफ्तरात नोकरीला होते. मसुदा आपल्या मेजावर राही, वरिष्ठांपुढे जाई ती स्वच्छ प्रत. खाडाखोड केलेला कागद साहेबांच्या हाती पडणे ही नामुष्की. पुढे नोकऱ्या बदलल्या, पण मुलांना वळण लावताना आपण तेच सांगत राहिलो. शाळा-कॉलेजच्या परीक्षांनीही त्याला दुजोरा दिला. वर्षभर अभ्यास करावा, तीन तासांत उत्तरपत्रिका लिहावी आणि मास्तरांनी त्यावर एकदाच लाल शाई फिरवावी.

आता हा अभ्यासक्रम कसा चालतो ते पाहावे. तो पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. पाच वर्षांनंतरही १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिलकडे नाव नोंदवल्यावाचून कोणाला स्वतःस आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. बांधकाम, संरचना, इतिहास, हवामान, रेखाटन असे विषय असतात, त्यांच्या परीक्षाही असतात. पण सगळ्यांच्या मध्यभागी असतो तो डिझाइनचा स्टुडिओ. तेथे पुस्तक नसते. एक जागा दिली जाते, एक गरज सांगितली जाते आणि पाच-सहा किंवा पंधरा आठवडे हाती दिले जातात. कधी वाचनालय, कधी बालवाडी, कधी बसस्थानक, पुढे मोठे रुग्णालय किंवा वसाहत. विद्यार्थ्याने जागेवर जावे, रेखाटावे, लहान प्रतिकृती करावी, शिक्षकांना दाखवावी, त्यांनी पेन्सिलीने त्यावरच गिरवावे, आपण घरी येऊन पुन्हा आरंभ करावा. शेवटी तीन-चार जणांच्या ज्युरीपुढे उभे राहून आपली योजना समजावून सांगावी. प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, गाइड नाही, मागच्या वर्षीचे पेपर नाहीत. बारावीपर्यंत पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलाचे सारे शस्त्रागार येथे निकामी होते. त्याचे त्याला कळत नाही आणि घरच्यांना तर त्याहून कळत नाही.

भाचीने मामाचा उपदेश तंतोतंत पाळला. पहिले सत्र रेखाटनाचे होते, ते निभावले. दुसऱ्या सत्रात, २०१७ च्या आरंभी, त्यांना एका तळ्याकाठी छोटे वाचनालय योजायला दिले. मुदत सहा आठवड्यांची. आठवड्यातून तीन दिवस शिक्षक प्रत्येकाच्या टेबलापाशी येत. ही दर वेळी सांगे, "सर, अजून पुरे झालं नाही, पुढच्या वेळी दाखवते." ती आळशी होती असे कोणी समजू नये. वसतिगृहाच्या खोलीत रात्री एक-एक वाजेपर्यंत ती काम करी. आणखी थोडे नीटनेटके झाल्यावर दाखवू, असे म्हणता म्हणता पाच आठवडे सरले. शेवटच्या चार रात्रींत मिळून ती आठ-नऊ तास झोपली असेल. चौथ्या रात्री माउंट बोर्ड कापताना स्टीलच्या पट्टीऐवजी हाताला आली ती प्लॅस्टिकची पट्टी. पाते पट्टीवर चढले आणि अंगठ्यात उतरले. चार टाके पडले.

ज्युरीच्या दिवशी तिचे कागद वर्गात सर्वांत स्वच्छ होते, असे तिच्या मैत्रिणीही सांगतात. तळे पश्चिमेला होते, म्हणून तिने पश्चिमेची सबंध भिंत काचेची केली होती. तळ्याचा देखावा दिसावा, वाचकाचे मन प्रसन्न व्हावे. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी कागदांवरून नजर फिरवली आणि शांतपणे विचारले, "मे महिन्यात दुपारी चार वाजता इथे कोण बसेल?" ती गप्प. दुसऱ्यांनी तिच्या शिक्षकांकडे वळून विचारले, "तुम्ही हे आधी पाहिलं नव्हतं का?" शिक्षक म्हणाले, "मीही आजच पाहतो आहे."

तिला सगळ्यांत अधिक लागले ते हे शेवटचे वाक्य. शिक्षक खोटे बोलले नव्हते.

त्या रात्रीच्या गाडीने ती घरी आली. अंगठ्याला पट्टी, डोळे सुजलेले. म्हणाली, "मला परत नाही जायचं." बहिणीने आम्हांला बोलावले. मोठ्या माणसाने समजूत घालावी अशी तिची अपेक्षा होती. आम्ही बोलायला सुरुवात केली तोच भाची म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगितलं होतंत ना, अर्धवट काम दाखवू नये म्हणून?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. एक वर्ष जाणार, भरलेली फी जाणार, हे तर होतेच. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की अठरा वर्षांच्या त्या मुलीची स्वतःविषयीची खात्री निघून गेली होती आणि ती निघून जाण्यात आमचा हात होता.

तेथून पुढे जे घडले त्याचे श्रेय आमच्या आईचे आहे. तिला आर्किटेक्चर हा शब्द नीट उच्चारता येत नसे. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी नात आठवडाभर राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईने तिला विचारले, "तुझ्या त्या परीक्षकांना राग कशाचा आला?" नातीने तळे, काच, पश्चिम सगळे सांगितले. आई म्हणाली, "अगं, मग आपल्या घराला पश्चिमेला खिडकी का नाही, हे तुला कधी कुणी सांगितलं नाही?" खरेच, त्या बाजूला कोठीची खोली आणि न्हाणीघर. उन्हाळ्याच्या दुपारी भिंत तापायची ती कोठीची तापे. माणसे मधल्या चौकाच्या बाजूला माजघरात पडत. ओसरीला वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी मारले जाई. आम्ही त्या घरात लहानाचे मोठे झालो, पण या दृष्टीने ते कधी पाहिले नव्हते.

यामागचे शास्त्र भाचीने आम्हांला नंतर समजावून दिले. बडोदे आणि इंदूर दोन्ही कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सव्वाबावीस ते पावणेतेवीस अक्षांशांच्या आसपास. २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, किंबहुना केसभर उत्तरेकडेच. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेला सुमारे ४४ अंशांवर उतरतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला की उन्हाळ्यातले ऊन अडते आणि थंडीतले हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेचे तसे नाही. तेथे संध्याकाळचे ऊन समोरून तिरपे येते. छज्जा कितीही पुढे काढा, ते त्याच्या खालून आत शिरते. तेथे उभे आडोसे हवेत, झाडे हवीत, जाळी हवी, नाहीतर सरळ जाड भिंत. पहिल्या आठवड्यात तिने वेडावाकडा जरी नकाशा दाखवला असता तरी शिक्षकांनी अर्ध्या मिनिटात पेन्सिलीने पश्चिमेवर काट मारली असती आणि पाच आठवडे उरले असते. जी चूक दोन रुपयांच्या बटर पेपरवर व्हायची ती चार रात्रींच्या प्रतिकृतीवर झाली. सगळा फरक तेवढाच.

नवव्या दिवशी ती परत गेली. सोबत बटर पेपरचे पाच तुकडे होते, आईच्या माजघरात बसून काढलेले, एकही रेघ सरळ नसलेले. ते शिक्षकांपुढे ठेवताना आपले हात कापत होते, असे ती सांगते. शिक्षक पाऊण तास टेबलाशी बसले. पुढे चमत्कार झाला असे मात्र नाही. त्या प्रकल्पात ती काठावर उत्तीर्ण झाली. पुढची दोन सत्रेही मध्यमच गेली. मात्र काम झाकून ठेवणे तिने त्या दिवशी सोडले ते कायमचे.

आपल्या बडोद्याला हातांनी करून शिकण्याची ही रीत खरे तर अपरिचित नसावी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. दादासाहेब फाळके तेथे शिकले ते चित्रकलेबरोबर वास्तुकला आणि प्रतिकृती घडवणेही. पुढे १९६२ मध्ये अहमदाबादेत बाळकृष्ण दोशींनी वास्तुकलेची शाळा सुरू केली. दोशींचा जन्म १९२७ चा, पुण्याचा. शाळेची इमारत त्यांनीच योजली. उघड्या विटा, उत्तरेचा स्थिर उजेड घेणारे उंच स्टुडिओ, आणि शाळेला दारेच नसावीत ही कल्पना. येणारा-जाणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या टेबलावरचे अपुरे काम पाहत जाणार, असाच तो मांड. आमच्या 'अर्धवट काम दाखवू नये' या नियमाला तेथे लपायला दारामागचा कोपरासुद्धा नाही.

इंदूरच्या भगिनींना तर याहून जवळचे उदाहरण आहे. त्यांच्याच शहरात दोशींनी १९८० नंतरच्या दशकात अरण्य ही वसाहत योजली, सुमारे साडेसहा हजार घरांसाठी, मुख्यतः अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकरिता. पुष्कळांना मिळाले ते पुरे घर नव्हेच. जोते, नळ, संडास-न्हाणीची जागा, फार तर एक खोली. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे वाढवायचे. वाढवणे कसे जमेल ते दिसावे म्हणून नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखवली. १९९५ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला. दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळाले, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये ते गेले. पत्रलेखिकेने मुलाला घेऊन एका रविवारी अरण्यात जरूर फिरून यावे. कोणी जिना बाहेर काढला आहे, कोणी ओट्यावर दुकान थाटले आहे. मूळ योजनेतले काय टिकले आणि काय राहणाऱ्यांनी बदलून टाकले हे शोधण्यात त्याची सकाळ कशी गेली ते कळणार नाही.

आता ज्युरीविषयी थोडे. घरातल्या मुलामुलींना पहिल्या वर्षी सर्वांत अधिक धसका असतो तो तिचाच. आमच्या मते ज्युरीत दोन चुका सर्रास होतात. पहिली, उभे राहताच क्षमा मागणे. "वेळ मिळाला नाही", "प्रिंट नीट आली नाही", "मॉडेल अजून पुरे नाही". परीक्षकांना हे दिसतच असते. त्याऐवजी ही इमारत कोणासाठी आणि जागेवर आपल्याला काय आढळले, येथून आरंभ करावा. दुसरी चूक म्हणजे आपले म्हणणे मांडून झाल्यावर काही ऐकू न येणे. हे शब्दशः खरे आहे. छाती धडधडत असते, समोरचा बोलतो ते कानांवरून जाते आणि रात्री आठवते ते फक्त एक टोचलेले वाक्य. म्हणून एका मित्राला बाजूला वही घेऊन बसवावे, त्याने प्रत्येक शेरा उतरून घ्यावा, त्याच्या पाळीला आपण बसावे. दुसऱ्या दिवशी वही उघडली की ध्यानात येते, परीक्षकांनी वीस मिनिटांत चौदा गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या तीन स्तुतीच्या होत्या आणि दोन परीक्षकांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. ते पटत नसते तेथे विद्यार्थ्याने दोघांनाही खूश करण्याच्या नादी लागू नये. कोणाचे का पटले, हे स्वतःशी ठरवून शिक्षकांशी बोलावे.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण असते. ती विचार करतात मराठीत, गल्लीत बोलतात गुजराती, हिंदी किंवा कानडी, आणि ज्युरीपुढे इंग्रजी बोलायचे असते. मग ती कोठून तरी उचललेली भारी इंग्रजी वाक्ये पाठ करतात आणि पहिल्याच 'का'ला अडखळतात. भाचीने शोधलेला उपाय आम्हांला आवडला. प्रत्येक ज्युरीच्या आदल्या संध्याकाळी ती आजीला फोन लावून आपली योजना मराठीतून सांगत असे. दार येथे का, जिना तेथे का. आजीला कळले की इंग्रजी शब्द आपोआप सापडत. आजी मध्येच "मग पावसात चपला कुठे काढायच्या?" असे विचारी आणि हिला कागद पुन्हा काढावा लागे.

रात्री जागण्याचे कौतुक या कॉलेजांतून फार. खोड जुनीच आहे म्हणा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कलाशाळेत मुदत संपली की विद्यार्थ्यांचे नकाशे गोळा करायला हातगाडी फिरे आणि काही जण तिच्याबरोबर पळत, कोणी गाडीवर चढून, शेवटच्या रेघा ओढत, असे सांगतात. त्या गाडीचे नाव शारेत. अखेरच्या घाईला वास्तुकलेची मंडळी जगभर अजून त्याच नावाने ओळखतात. पण ती हातगाडी होती. तीन रात्री जागलेला मुलगा सकाळी स्कूटरवर मॉडेल बांधून महामार्गाने निघतो, ही गंमत नव्हे. सबमिशनच्या आदल्या रात्री चार तास झोप आणि कॉलेजपर्यंत रिक्षा, एवढा नियम घरच्यांनी सांगावा आणि रिक्षाचे पैसे वेगळे द्यावेत. प्रतिकृतीला आपण धरतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो. छपाई एक दिवस आधी करावी, कारण शेवटच्या सकाळी प्रिंटच्या दुकानापुढे सगळा वर्ग उभा असतो. फाइल निदान दोन ठिकाणी ठेवावी. गटात काम असेल तर कोणी काय करायचे ते पहिल्याच दिवशी लिहून काढावे. मैत्रीत लिहिण्याचा संकोच वाटतो आणि मग चौथ्या आठवड्यात मैत्रीही जाते.

सामानाविषयी विचारले आहे. आधी काहीही आणू नये. पहिल्या आठवड्यात कॉलेज यादी देते, आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडे ड्राफ्टर, सेट-स्क्वेअर, अर्धे भरलेले रंग स्वस्तात मिळतात. लॅपटॉपही कॉलेजला विचारल्यावाचून घेऊ नये. बहुतेक ठिकाणी पहिले वर्ष हाताने रेखाटण्यात जाते आणि पुढे लागणाऱ्या प्रोग्रॅमना कोणते यंत्र पेलेल ते तेव्हाच नीट कळते. पैसे वाचवू नयेत ते दोन गोष्टींवर. कटरची पाती, ती बोथट होण्याआधी बदलावीत, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरते. आणि स्टीलची पट्टी. याचे कारण वर आलेच आहे.

घरच्यांनी काय करावे, हा पत्रातला शेवटचा प्रश्न. पहिले म्हणजे टेबल आवरू नये. आमच्या बहिणीने एका सुट्टीत लेकीच्या खोलीतली चुरगळलेल्या बटर पेपरची वळकटी रद्दीत घातली. तिला तो कचरा वाटला. ते सहा आठवड्यांचे कच्चे आराखडे होते, तारखा घातलेले, आणि ज्युरीत आपण येथवर कसे आलो हे दाखवण्यासाठी तेच लागतात. रद्दीवाल्याला गाठून ते परत मिळवले, ती धावपळ निराळीच. दुसरे, दर आठवड्याला "किती मार्क पडले?" असे विचारू नये. "आज काय काढलंस, दाखव बघू" असे विचारावे, आणि दाखवले तर "हे असं वाकडं का?" असे लगेच म्हणू नये. मुलगा घरीच अर्धे काम दाखवायला शिकला तर कॉलेजात त्याचे धैर्य होते.

मुली रात्री उशिरापर्यंत स्टुडिओत थांबतात म्हणून पुष्कळ आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. तो अवास्तव आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यावर मनाई हा उपाय नाही. एकट्या खोलीत बसून काम करणारी मुलगी मागे पडते हे आम्ही पाहिले आहे. सोबतच्या दोन मैत्रिणींचे आणि त्यांच्या घरचे नंबर आपल्यापाशी असावेत, रात्री कोणाबरोबर कशाने परतायचे ते ठरलेले असावे, आणि एकदा स्वतः जाऊन तो स्टुडिओ पाहून यावा. टेबलाखाली झोपलेली, डिंकाने हात बरबटलेली ती मुले पाहिली की निम्मी काळजी तेथेच उतरते.

आणि एवढे करूनही कोणाला ही वाट मानवली नाही तर? तसे होते. थकवा आणि नावड यांत घरच्यांनी गल्लत करू नये एवढेच. सत्र संपून पंधरा दिवस झोप झाल्यावर, प्रवासात किंवा लग्नाच्या कार्यालयात, मुलगा जिन्याकडे, छताकडे मान वर करून पाहतो का ते पाहावे. पाहत असेल तर तो केवळ दमला होता. मुळीच पाहत नसेल आणि दुसऱ्या कशाविषयी आपणहून बोलत असेल, तर पहिल्या वर्षानंतर वाट बदलण्यात कमीपणा नाही. पाच वर्षे कुढत काढून मिळवलेली पदवी कोणाच्याच कामाची नसते, आणि लोक काय म्हणतील याची चिंता लोकांनाच करू द्यावी.

आमची भाची २०२१ मध्ये पदवीधर झाली आणि आता एका कचेरीत काम करते. त्या पश्चिमेच्या काचेची गोष्ट नव्याने आलेल्या मुलांना ती स्वतःच सांगते, मामाच्या उपदेशासकट. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

राहता राहिले कॉलेजपूर्वीचे वाचन. इंदूरच्या मुलाने एकही पुस्तक वाचले नाही तरी चालेल. त्याने आपले राहते घर मोजावे. स्वयंपाकाचा ओटा किती उंच आहे ते मोजावे. तो बहुधा बत्तीस ते चौतीस इंच भरेल. मग आईला पोळ्या लाटताना पाहावे आणि तिची पाठ का दुखते ते तिला विचारावे. जिन्याच्या पायरीची उंची आणि रुंदी मोजावी. दोन उंच्या आणि एक रुंदी यांची बेरीज सुमारे ६०० ते ६५० मिलिमीटर आली तर चढणे सुखाचे, हा नियम सतराव्या शतकातल्या ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकाराच्या नावाने चालत आला आहे. जुन्या वाड्याचा जिना या हिशेबात मुळीच बसणार नाही, तो का बसत नाही हे शोधावे. खोली रेखाटावी, चुकावे, खोडावे आणि त्याच रात्री जेवणाच्या ताटाशेजारी तो कागद सगळ्यांपुढे ठेवावा. मोजायला टेप घेतला तर तो पाच मीटरचा घ्यावा. तीन मीटरचा माजघराला पुरत नाही.